साहेब हसत नसतो

रात्री नऊनंतर, उद्यमनगरात शेजारच्या शेडमधलं मशीन बंद झालं
की मी साहेब होतो.

काचेच्या केबिनमध्ये बसतो.
काचेला गोल भोक आहे, पूर्वी तिथून पगाराची पाकिटं द्यायचो
चौघांना. आता दोघंच आहेत, त्यांना फोनवर पैसे जातात.
भोकापलीकडं प्रणोती उभी,
हातात निळी फाइल, पायात कॉलेजचे बूट,
आणि मी म्हणतो, "नेक्स्ट."

एवढं एक इंग्रजी मला झकास जमतं.

प्रश्न तिनंच लिहून दिलेत, देवनागरीत.
व्हाय धिस युनिव्हर्सिटी.
हू इज पेइंग फॉर यू.
मी वाचतो, दाबून, जरा नाकातून.
पप्पा, हसू नका, साहेब हसत नसतो.
मग ती उत्तर देते.
उत्तर मला कळत नाही.

पण तीस वर्षं मी आवाजावर काम केलंय.
बेअरिंग कुठं गेलंय, टूल कधी बसलं,
पट्टा अजून किती दिवस काढेल,
पाहुण्याला चहा देत देत, पाठमोरा सांगतो.
तसंच तिचं ऐकतो.

मेटलर्जीचं विचारलं की पोरगी सुरेख चालते.
बिडाच्या ओतकामात बारीक भोकं का पडतात,
सुट्टीत शिरोलीच्या भट्टीवर तिनं काय बघितलं,
चिप कशी सलग, निळी, वळत वळत खाली यावी, तसं.

पैशाचं विचारलं की खरखर.
व्हायचीच.
प्लॉटवरचं कर्ज खरं.
माझी ठेव, तीही खरी, पण लहान.
आणि कागलच्या मामानं तीन महिन्यांपुरते ठेवलेले अकरा लाख,
ते आहेत. म्हणजे पासबुकात आहेत.
हिच्या आईच्या पाटल्या गुजरीत गेल्या
त्याचा मात्र कागदच नाही,
असता तर फाइलीत सगळ्यात वर लावला असता.
"आवाज चिरकतोय," मी म्हणतो, "तिथं फीड कमी कर."
ती हसते.
मी नाही हसत.

शेवटचा प्रश्न, विल यू कम बॅक.
ह्याचा अर्थ मला येतो.

पहिल्या रात्री ती अडखळली. दुसऱ्याही.
राजारामपुरीतल्या कन्सल्टन्सीच्या मॅडम म्हणाल्या,
घर सांग, आईवडील सांग, वर्कशॉप सांग,
साहेबाला दिसलं पाहिजे, पोरीला इकडून दावं आहे.
मग ती वर्कशॉप सांगायला लागली.
माय फादर्स वर्कशॉप, म्हणते, आणि हात करते
भिंतीकडं, पान्यांच्या फळीकडं, तेलाच्या डब्याकडं,
जप्तीला आल्यासारखी.

आज अकरावी रात्र.
आज काही अडखळलं नाही.
येस सर, आय विल.
खरखर नाही, थरथर नाही,
लोण्यातून सुरी गेली.

मशीन इतकं गप चालतं
तेव्हा मी कधी खूश होत नाही.
वाकून बघतो.
बहुतेक वेळा टूल जॉबला लागलेलंच नसतं,
हवेतूनच पुढं सरकत असतं.

"कसं झालं, पप्पा?"

बाहेर कुणीतरी शटर ओढलं.
मी भोकातून हात काढून पासपोर्ट घेतला, उघडला.
फोटोत दोन्ही कान दिसतायत, नियमाप्रमाणं.
लहानपणी ह्यातल्या डाव्या कानात ती बोट घालून बसायची
ग्राइंडर सुरू झाला की.
चलनाचा शिक्का उचलला,
आपला पत्ता, पिनकोडसकट,
शाईत दाबला
आणि जुन्या बिलाच्या पाठीवर मारला.
"अप्रूव्ड," म्हणालो.
"मुंबईत अगदी अस्संच बोल."

तिनं फाइल मिटली, शिक्क्याचा कागद उगीच आत ठेवला.
उद्या अजून एकदा घेऊ का, म्हणाली.
घेऊ की.
शेवटचा प्रश्न सोडून.